चौदा मंडळांत नाव दिलंय, आता काय करू?

नवे वर्ष सुरू झाले की विद्यापीठातल्या क्लबांविषयी आणि विद्यार्थी मंडळांविषयी पत्रे येऊ लागतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतले अकरा प्रश्न इथे घेतले आहेत. पाठवणाऱ्यांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : पहिल्याच आठवड्यात मंडळांचा मेळा होता. प्रत्येक टेबलावर कोणीतरी हसून कागद पुढे करत होतं आणि मी नाव लिहीत गेलो. आता १४ ठिकाणी माझं नाव आहे, दिवसभर निरोप येत असतात आणि मी अजून एकाही सभेला गेलेलो नाही. यातली किती ठेवू?

घाबरू नका. मेळ्यातला कागद म्हणजे सभासदत्व नव्हे, ती निरोप पाठवायची यादी असते. वर्गणी भरलेली नसेल तर चौदाही ठिकाणांहून गुपचूप बाहेर पडलात तरी कोणी जाब विचारणार नाही. मंडळांनाही हे पाठ असते. यादीत शंभर नावे आली तरी ती खोली तीस-चाळीस माणसांचीच मागतात.

किती ठेवायची हे आवडीवर सोडू नका, तासांवर ठरवा. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ गेले, उरले ११२. वर्गातले तास आणि प्रयोगशाळा मिळून २२, स्वतःचा अभ्यास २५, म्हणजे उरले ६५. जेवण, अंघोळ, कपडे, जाणे-येणे यांना रोजचे ४ तास धरले तर २८ गेले. राहिले ३७. मित्र, घरचे फोन, मोबाइल आणि निव्वळ लोळणे याला रोज ३ तास लागतातच. नाही म्हणणारा खोटे बोलतो. ते २१ वजा केले की हातात १६ उरतात. त्यातूनच आजारपण, ऐन वेळी आलेली असाइनमेंट आणि एखादा रडका रविवार भागवायचा. म्हणजे मंडळांसाठी ८ ते १० तास, त्याहून जास्त नाही.

आता दुसरी बाजू. ‘आठवड्याला फक्त दोन तास’ असे सांगणारे मंडळ चार-पाच तास घेते. सभा दोन तासांची, पण ती उशिरा सुरू होते, नंतर लोक रेंगाळतात, ग्रुपवरचे निरोप वाचावे लागतात आणि एखादे काम अंगावर येते. कार्यक्रमाच्या आठवड्यात हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हिशेब सरळ आहे. जीव ओतायचे एक मंडळ, आणि एक असे की जिथे दोन आठवडे गेला नाहीत तरी कोणाचे अडत नाही. दोन्ही जीव ओतायची घेतलीत तर त्यांचे कार्यक्रम हमखास एकाच आठवड्यात येतात, कारण परीक्षा टाळून सगळेच त्याच मोकळ्या तारखा पकडतात.

निवडताना मनात आलेल्या चार मंडळांच्या सभांना जा. पहिल्या सभेवरून मत बनवू नका, तो देखावा असतो. दुसऱ्या सभेत खरा कारभार दिसतो : बोलणारे दोघेच आहेत की सात-आठ जण? तिसऱ्या सभेपर्यंत कोणी तुमचे नाव विचारले का, हातात काही काम दिले का? शिवाय जुन्या सभासदाला एक प्रश्न जरूर विचारा : “गेल्या सत्रात नव्या मुलांनी काय काय केलं?” उत्तर ‘मदत केली’ असे मोघम आले तर तिथे वर्षभर प्रेक्षक म्हणून बसायची तयारी ठेवा. ‘पोस्टर पहिल्या वर्षाच्या दोघींनी केलं, पाहुण्यांना आणायला अमुक गेला’ असे नेमके आले तर तिथे नवख्याला वाव आहे.

बाकीच्या ग्रुपमधून निघताना लांबलचक माफीनामा नको. कोणी काम सोपवले असेल तेवढ्याच ठिकाणी दोन ओळी लिहा : या सत्रात जमणार नाही, माझ्याकडचं काम अमुककडे दिलं आहे.

प्रश्न : मला अनोळखी माणसांत बोलताच येत नाही. दोनदा सभेच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काही उपाय?

उशिरा पोचणे हे यातले अर्धे दुखणे. भरलेल्या खोलीत शिरणे सगळ्यांनाच जड जाते. त्यापेक्षा दहा मिनिटे लवकर जा. त्या वेळी आत तीन-चारच जण असतात, ते खुर्च्या लावत असतात नाहीतर प्रोजेक्टरच्या वायरशी झटापट चाललेली असते. “मी काही करू का?” असे विचारू नका, समोरचा भिडेखातर “नको, बस ना” म्हणतो. “या खुर्च्या गोलात लावायच्या की ओळीत?” असे विचारा. उत्तर मिळते, हात कामाला लागतात आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

मंडळही तसेच निवडा. जिथे नुसते बसून बोलायचे असते तिथे लाजाळू माणूस कोपऱ्यात जातो. समूहगान, बोर्डगेम, गिर्यारोहण, छायाचित्रण, नियतकालिकाची मांडणी अशा ठिकाणी लक्ष समोरच्या कामावर असते, त्यामुळे गप्प बसलेले कोणाला खटकत नाही. समूहगानात तर तुमच्याच पट्टीत गाणारी मुलगी शेजारी उभी असते आणि कुठला सूर चुकला एवढाच विषय बोलायला पुरतो. चेहरे ओळखीचे व्हायला तीन-चार खेपा लागतात. पहिल्या खेपेला मैत्री झाली नाही म्हणून सोडू नका.

प्रश्न : नाट्यमंडळाच्या ऑडिशनमध्ये मला घेतलं नाही. संवाद चोख पाठ होता, एकही शब्द चुकला नाही. मग कमी काय पडलं?

बहुधा पाठांतरच जास्त पडले. ऑडिशनला बसलेली मंडळी तुमचा तुकडा एकदा ऐकतात आणि म्हणतात, “आता हेच न ओरडता, हसत हसत म्हण.” ही सूचना तुमची चूक दाखवायला दिलेली नसते. सांगितलेले ऐकून तुम्ही बदलता का, एवढेच त्यांना पाहायचे असते, कारण पुढे सहा-आठ आठवडे तालमीत हेच करायचे असते. एकाच सुरात घोटून आलेल्याला तो सूर सोडता येत नाही. दुसऱ्यांदाही तेच आले की तिथेच काट बसते.

पुढच्या वेळी ६० ते ९० सेकंदांचा तुकडा घ्या, लांब घेतलात तर मध्येच थांबवतील. तो घरी तीन तऱ्हांनी म्हणा : रागाने, थट्टेने आणि काहीतरी लपवत असल्यासारखा. उभे राहिल्यावर नाव सांगा, तुकडा कशातला ते सांगा, दोन सेकंद थांबा, मग सुरू करा. नजर परीक्षकांच्या डोळ्यांत घालू नका, त्यांच्या डोक्यावरून भिंतीवरचा एक ठिपका पकडा. परीक्षकाशी संवाद बोलायला लागलात की तो टिपणे घेऊ की तुम्हाला उत्तर देऊ अशा पेचात पडतो.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती कोणी तोंडावर सांगत नाही. भूमिका पाच असतात आणि चांगले बोलणारे पंधरा. मग उंची, आवाजाची जात, कोण कोणाच्या शेजारी शोभतो यावर निवड होते. तो नकार तुमच्या अभिनयाला नसतो.

नकार मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅकस्टेजला नाव द्या. तिथे माणसे नेहमीच कमी असतात आणि नाटक तिथूनच खरे समजते. रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीत एका पानावर संहिता आणि समोरच्या पानावर क्यू, म्हणजे कुठल्या शब्दावर काय बदलायचे त्याच्या खुणा असतात. प्रयोग चालू असताना तो हेडसेटवर म्हणतो, “लाइट १२, स्टँडबाय,” आणि नेमक्या शब्दावर, “लाइट १२, गो.” ‘गो’ हा शब्द त्या दोन तासांत एरवी कोणीही उच्चारायचा नाही. सहज कोणी बोलून गेले तर दिवे बंद. टेबल-खुर्च्यांच्या पायांच्या जागी जमिनीवर रंगीत टेपचे तुकडे चिकटवतात, प्रवेशागणिक रंग वेगळा. काळोखातल्या बदलासाठी अंधारात चमकणारी टेप असते. पण तिला आधी उजेड दाखवावा लागतो, आणि पडदा उघडण्यापूर्वी हे विसरले की काळोखात टेबल हातभर सरकलेले असते. एक नाटक अशा कामात घालवले की पुढच्या ऑडिशनला समोर बसलेल्यांना तुमचे नाव माहीत असते. वशिला म्हणा हवे तर, पण तो कमावलेला असतो.

प्रश्न : वादविवाद मंडळात मी चार मिनिटांतच संपतो. मुद्देच सुचत नाहीत.

मुद्दे भरपूर असतात, ते उलगडले जात नाहीत. अनेक विद्यापीठांत चालणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत दोन-दोन जणांचे चार संघ असतात, दोन बाजूने आणि दोन विरोधात. विषय १५ मिनिटे आधी मिळतो आणि प्रत्येकाला ७ मिनिटे असतात. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचे उठून प्रश्न टाकू शकतात. नवखा वक्ता ७ मिनिटांत आठ मुद्दे नुसते मोजून दाखवतो आणि चौथ्या मिनिटाला रिकामा होतो.

दोनच मुद्दे घ्या. प्रत्येकाला चार पायऱ्या चढवा : काय म्हणायचे आहे, ते का खरे आहे, ते घडते कसे, आणि घडले तर कोणाला किती फरक पडतो. ‘कसे’ ही पायरी गळते आणि परीक्षक तिथेच गुण कापतात. सरावासाठी मोबाइलवर ७ मिनिटे बोलून रेकॉर्ड करा. ऐकताना कागदावर दोन रकाने आखा, एकात दावे, दुसऱ्यात कारणे. पहिला भरलेला आणि दुसरा ओस, असेच सुरुवातीला दिसेल. भाषा अलंकारिक करण्यात वेळ घालवू नका, या पद्धतीत गुण युक्तिवादाला असतात. आणि समोरचा प्रश्न विचारायला उठला की निदान एक तरी घ्या. सगळ्यांना बसवत राहिलात तर घाबरलात असाच अर्थ निघतो.

प्रश्न : आमची मुलगी दिवसभर कुठल्या ना कुठल्या कमिटीत असते. मार्क घसरतील ही काळजी आहे. ती म्हणते, नोकरीच्या वेळी याचा उपयोग होतो. खरंच होतो का?

नुसत्या सभासदत्वाचा काही उपयोग नाही, हे तिला मोकळेपणाने सांगा. मुलाखत घेणारा ‘सदस्य, छायाचित्रण क्लब’ ही ओळ वाचत नाही. ‘तीन दिवसांचं प्रदर्शन, ४२ छायाचित्रं, ११ जणांची टीम, मंजूर रकमेच्या आत पूर्ण, माझ्याकडे मांडणी आणि वेळापत्रक’ असे असेल तर तो थांबतो आणि विचारतो, “अडचण काय आली?” त्यावर सांगायला एक खरी अडचण आणि तिच्यावर काढलेला तोडगा असेल तर उपयोग झाला म्हणायचा. हे तपशील वर्षभराने आठवत नाहीत. महिन्यातून एकदा दहा मिनिटे बसून काय केले, किती माणसे होती, काय बिनसले हे तिने वहीत उतरवून ठेवावे.

मार्कांचे म्हणाल तर मंडळाच्या सभा सहसा संध्याकाळच्या असतात, त्या अभ्यास बुडवत नाहीत. बुडवतो तो कार्यक्रमाचा आठवडा. सत्राच्या सुरुवातीला परीक्षा, सबमिशन आणि मंडळाचे कार्यक्रम एकाच कॅलेंडरवर मांडायला लावा. दोन तारखांमध्ये आठवड्याहून कमी अंतर असेल तर त्या कार्यक्रमात तिने प्रमुख जबाबदारी घेऊ नये, हाताखालचे काम घ्यावे. हजेरीचे प्रमाण ठरलेले असेल तर कार्यक्रमासाठी बुडालेल्या तासांची सवलत आधी लेखी मागावी लागते. नंतर मागितलेली फार क्वचित मिळते.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा. स्पर्धेची रेसिंग कार बनवणाऱ्या टीममध्ये जायची फार इच्छा आहे, पण यंत्रातलं काही कळत नाही.

जा. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग कारच्या, १९८१ पासून चालणाऱ्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेचे एकूण गुण १०००. त्यात खर्चाच्या अहवालाला १०० आणि व्यावसायिक सादरीकरणाला ७५. म्हणजे १७५ गुण असे, की ज्यांसाठी पाना हातात धरावा लागत नाही. अभियांत्रिकीची मुले हा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग रात्र जागून आकडे जुळवतात. खर्चाच्या अहवालात गाडीचे सुटे भाग आणि ते बनवण्याच्या प्रक्रिया खर्चासकट मांडायच्या असतात, आणि गाडीत झालेला बदल कागदावर न उतरल्याने गुण जातात. गाडी बनत असतानाच वर्कशॉपमध्ये उभा राहून हे टिपणारा माणूस कुठल्याही टीमला हवा असतो. कॅप्टनला नुसते “मला यायचंय” म्हणू नका, “खर्चाचा अहवाल मी घेतो” म्हणा.

प्रश्न : मी आमच्या मंडळाची सेक्रेटरी आहे. कमिटीत नऊ जण, काम मी एकटी करते. ग्रुपवर ‘हे कोण करेल?’ विचारलं की सगळे गप्प.

‘कोण करेल?’ हा प्रश्न नऊ जणांना विचारला की तो कोणालाच विचारलेला नसतो. एकेकाला वेगळे गाठा. नाव घेऊन, दोन तासांत उरकेल एवढेच काम द्या, तारीख सांगा आणि ‘झालं’ म्हणजे काय तेही सांगा. ‘पोस्टरचं बघ’ हे काम नव्हे. ‘गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पोस्टरची फाइल ग्रुपवर टाक, त्यात तारीख, वेळ, जागा आणि संपर्क असू दे’ हे काम. मोठे काम कोणी उचलत नाही, कारण ते कुठे संपते हेच दिसत नाही.

सभेचे इतिवृत्त दोन पानांचे लिहू नका, वाचणार कोण? तीन रकाने पुरतात : काय, कोण, कधीपर्यंत. सभा संपल्यापासून २४ तासांत ते ग्रुपवर जाऊ द्या आणि पुढची सभा त्याच रकान्यांपासून सुरू करा. दोन सभांत काम न झालेल्याचे नाव सगळ्यांना दिसते, तुम्हाला तोंडाने बोलायची वेळ येत नाही. तरीही गाडी हलली नाही तर एक कार्यक्रम उघडपणे रद्द करा. लपूनछपून रात्री जागून तो पार पाडलात, तर मंडळात सगळे आलबेल आहे असाच बाकी आठ जणांचा समज राहतो.

प्रश्न : एका मंडळात प्रवेशासाठी ‘परंपरा’ म्हणून रात्री बोलावतात. काय होतं ते कोणी सांगत नाही, फोन बाहेर ठेवायला लावतात. जाऊ का?

नाही. गुप्तता, फोन काढून घेणे, दारूची सक्ती, अपमानाचे ‘खेळ’ यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तो प्रवेश नव्हे, छळ आहे. तुम्ही हो म्हणालात म्हणून तो योग्य ठरत नाही. आलेले निरोप जपून ठेवा आणि विद्यापीठाच्या तक्रार विभागाकडे किंवा विश्वासातल्या शिक्षकांकडे द्या. अशा ठिकाणी अडकलात आणि कोणी शुद्धीवर नाही, हाक मारून उठत नाही असे दिसले, तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे ऐकू नका. त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, आपत्कालीन नंबर फिरवा. कोण अडचणीत येईल हा विचार नंतर.

प्रश्न : आम्हा पाच जणांना खगोलनिरीक्षणाचा नवा क्लब काढायचा आहे. लोगो तयार आहे. पुढं काय?

लोगो बाजूला ठेवा. आधी नोंद असलेल्या मंडळांची यादी काढून बघा. निम्म्या वेळा असे मंडळ आधीच असते, फक्त निपचित पडलेले. त्याची नोंद, खाते, कपाटातली दुर्बीण सगळे जागेवर असते आणि चालवायला माणूस नसतो. ते जिवंत करणे नव्याच्या मानाने खूप सोपे.

तसे नसेल तर पाच जणांत किती वर्षांची मुले आहेत ते पाहा. पाचही एकाच वर्षाची असतील तर क्लब तुमच्याबरोबरच पदवी घेऊन बाहेर पडेल. निदान दोघे तुमच्याहून खालच्या वर्षाचे हवेत. मार्गदर्शक शिक्षक फार मोठ्या नावाचे शोधू नका. सही मागितली की दोन दिवसांत देणारे शोधा.

मग घटना, म्हणजे क्लबची नियमावली. दोन-तीन पाने पुरे : नाव, उद्देश, सभासद कोण होऊ शकतो, पदे आणि त्यांची कामे, निवडणूक कधी आणि कशी, कोरम (सभा ग्राह्य धरायला किमान किती सभासद हजर हवेत), पैशाचे व्यवहार कोणाच्या सहीने, घटनादुरुस्ती (सहसा दोन-तृतीयांश मतांनी), आणि क्लब बंद पडला तर सामान कोणाकडे. यात कोरम सगळ्यात जास्त दगा देतो. उत्साहात ‘निम्मे सभासद’ लिहिले जाते. मेळ्यातून सभासद होतात दोनशे, सभेला येतात पंचवीस, आणि मग निवडणूकही होत नाही आणि तो कोरम बदलणारी घटनादुरुस्तीही होत नाही. कुलूप आत, किल्लीही आत. ‘एक-पंचमांश किंवा १५, यांतला लहान आकडा’ असे काही लिहा. कोरमविषयी काहीच न लिहिणेही बरे नाही. सभाकामकाजासाठी आजही वापरात असलेल्या रॉबर्ट्स रूल्सनुसार (पहिली आवृत्ती १८७६) नियम नसेल तिथे सर्वसाधारणपणे सभासदांच्या बहुमताचाच कोरम धरतात.

विद्यापीठाशी संबंध पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. १८१५ मध्ये सुरू झालेली केंब्रिज युनियन ही विद्यार्थ्यांची वादविवाद संस्थासुद्धा विद्यापीठाने १८१७ मध्ये बंद पाडली होती, ती १८२१ मध्ये पुन्हा उघडली. तुमच्या बाबतीत एवढे काही घडणार नाही. पण रात्रीची गच्ची, दिवे मालवणे आणि सुरक्षारक्षकाची परवानगी या तीन गोष्टी दरवेळी मागाव्या लागणार आहेत.

पहिला कार्यक्रम लहान ठेवा, तीन आठवडे आधी जाहीर करा आणि ढगाळ निघाले तर खोलीत काय करायचे तेही ठरवून ठेवा. दिवस पौर्णिमेचा घेऊ नका. त्या रात्री फिके तारे दिसत नाहीत, आणि चंद्रही दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण ऊन सरळ पडल्याने विवरांच्या सावल्या नसतात. अष्टमीच्या आसपासचा चंद्र नवख्याला दाखवायला उत्तम. पहिल्या सभेला चाळीस आले तर तिसरीला दहा उरतील असे धरून चाला. त्या दहांवरच क्लब उभा राहतो.

आणि ईमेल क्लबच्या नावाने उघडा, कोणाच्या स्वतःच्या नव्हे. खात्यात शिरण्याचा कोड माजी सेक्रेटरीच्या फोनवर जातो, ती दूर निघून गेलेली असते, तिने नंबरही बदललेला असतो आणि सगळ्या फाइली कायमच्या आत राहतात. हे इतक्या मंडळांत घडते की सूत्रे देण्याच्या यादीत पहिली ओळ हीच असावी : पासवर्ड आणि कोडचा नंबर बदलला का?

प्रश्न : मला खजिनदार केलंय. हिशेबाचं मला काहीच येत नाही. निदान काय सांभाळू?

पहिल्याच दिवशी बँकेतल्या सह्या बदलायचा अर्ज द्या. यात कित्येक आठवडे जातात आणि तोवर जुन्या खजिनदाराच्या मागे फिरावे लागते. मंडळाचे पैसे स्वतःच्या खात्यात एक दिवसही घेऊ नका. हेतू कितीही शुद्ध असो, नंतर सिद्ध करता येत नाही. खर्च मंजूर करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको. पावतीपुस्तक क्रमांकांचे असू द्या आणि चुकलेली पावती फाडून टाकू नका, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा. कोणी पदरचे पैसे घातले तर भरपाई फक्त आधी लेखी मंजूर झालेल्या खर्चाचीच. आगाऊ रक्कम दिली तर सात दिवसांत बिले आणि उरलेले पैसे परत.

तिकीट लावण्यापूर्वी एक भागाकार करा. सभागृह, ध्वनी, छपाई असा ठरलेला खर्च ४५० एकक, माणशी खर्च ४ आणि तिकीट १०. म्हणजे प्रत्येक माणूस ठरलेल्या खर्चाला ६ हातभार लावतो, आणि ४५० भागिले ६ म्हणजे ७५ तिकिटे खपली की बरोबरी. सभागृह ८० खुर्च्यांचे असेल तर हा कार्यक्रम जवळजवळ तोट्यातच आहे, आजच तिकीट वाढवा किंवा खर्च कापा. फुकट कार्यक्रमात नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मे आले तरी बरे, तेव्हा खाणे नोंदणीच्या आकड्यावर सांगू नका. सभागृहाची अनामत रक्कम खर्चात धरू नका, ती परत येते. पण कार्यक्रमाच्या दिवशी ती हातात नसते आणि ऑनलाइन तिकिटांचे पैसेही बरेचदा नंतर जमा होतात. कागदावर नफा आणि ध्वनिवाल्याला द्यायला पैसे नाहीत, ही गत यातूनच होते. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम अडीअडचणीला वेगळी काढून ठेवा.

महिन्याच्या अखेरीस वही आणि बँकेचे पुस्तक समोरासमोर ठेवून ओळीने टिक करा. फरक आला तर त्याच संध्याकाळी शोधा. तीन महिन्यांनी कोणालाच काही आठवत नसते.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. आजवर कुठल्याच मंडळात गेलो नाही. आता जाणं हास्यास्पद दिसेल का?

कोणी लक्षही देणार नाही. पदे मिळणार नाहीत आणि ती मागूही नका. सुरुवात आणि शेवट असलेले एकच काम घ्या : एक अंक, एक प्रदर्शन, एक सहल. मंडळांना शेवटच्या वर्षाचा माणूस एका कामासाठी आवर्जून हवा असतो. खालच्या वर्षाची मुले कंपन्यांना किंवा माजी विद्यार्थ्यांना फोन करायला घाबरतात आणि ते फोन तुम्ही करू शकता. पहिल्या वर्षाची मुलगी तुमची सेक्रेटरी असेल आणि तुम्हाला काम सांगेल, तेवढे चालवून घ्या. फोन करण्यापूर्वी तिच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : कार्यक्रमाची तारीख, येणाऱ्यांचा अंदाज आणि समोरच्याकडून नेमके काय हवे. चौथी गोष्ट, परत फोन कोणी करायचा, तीही तिलाच ठरवू द्या.